फुलून गेलेल्या ट्यूलिप-डॅफोडिलच्या कुंड्यांचं पुढे काय करायचं?

गोदाकाठ | २९ एप्रिल २०२३

आमच्या आम्स्टेलवेनमध्ये (नेदरलँड्स) या आठवड्यात कचरा टाकायला खाली उतरलं की हिरव्या कचऱ्याच्या पेटीशेजारी डॅफोडिलच्या कुंड्या दिसतात. पात हिरवीगार, मुळांनी माती घट्ट धरलेली. फुलं सरली म्हणून टाकून दिलेल्या. मला ते बघवत नाही. मी निफाड तालुक्यातली, कांद्याच्या घरातली. पात हिरवी आहे तोवर खाली कांदा पोसतोय, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच कळतं. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ, मस्कारी (द्राक्षाच्या घडासारखी बारीक फुलं येतात ती) यांचंही तेच आहे. फूल दिसतं ते गेल्या वर्षीच्या साठ्यावर. पुढच्या वर्षीचा साठा व्हायला सुरुवात होते ती फूल सरल्यावर, आणि नेमकं तेव्हाच आपण पाठ फिरवतो.

इथे लिसे-हिलेगोमच्या बाजूला शेतं बघायला गेलात तर एक गोष्ट नक्की बघा. ट्यूलिप पुरतं उमललं, रोगट आणि भेसळीची झाडं हुडकून काढली, की शेतकरी यंत्र फिरवून सगळ्या फुलांची मुंडकी उडवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडवेली झाले होते. पण त्याला फूल नकोच असतं, कंद हवा असतो. पात आणि दांडा तो तसाच ठेवतो आणि थेट जून-जुलैत कंद काढतो. आपण बाल्कनीत करायचं ते हेच, फक्त हाताने.

मी गेली सहा वर्षं जे करते ते सांगते.

पाकळ्या गळायला लागल्या की फूल आणि त्यामागचा फुगीर भाग खुडायचा, म्हणजे बोंड धरणार नाही. बी तयार करायला कंदाची बरीच ताकद जाते. दांडा मात्र ठेवायचा, हिरवा दांडाही पानासारखंच काम करतो. मस्कारीची बारीक बोंडं मी खुडत बसत नाही, तिला फरक पडत नाही.

कुंडी दाराशी शोभेला ठेवली असेल तर मागे सरकवा, पण उन्हात. सावलीच्या कोपऱ्यात नको. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं, आता काही बघण्यासारखं नाही म्हणून कुंडी जिन्याखाली जाते.

पाणी चालू. माती वरून सुकली की द्यायचं, खालच्या ताटलीत साठू द्यायचं नाही. खत म्हणून मी टोमॅटोसाठी मिळतं ते द्रवरूप खत वापरते, कारण त्यात पालाश जास्त असतं. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आठवड्यातून एकदा, पात पिवळी पडायला लागेपर्यंत. नत्र जास्त असलेलं खत नको. पात माजते आणि कंद भुसभुशीत राहून कुजतो.

मग वाट बघायची. डॅफोडिलला फुलं गेल्यापासून निदान सहा आठवडे. कांद्याच्या माना पडल्या की आपण काढणीचं बघतो, तसं इथे पात पिवळी होऊन लोळली आणि हलक्या हाताने ओढल्यावर सुटून आली की समजायचं. त्याआधी कात्री लावायची नाही.

माझ्याकडे यंदा चार कुंड्या आहेत: टेट-आ-टेट डॅफोडिलची एक, लाल ट्यूलिपच्या दोन (एक आपेलडोर्न, दुसरीचं नाव हरवलं), आणि एक मिश्र, तीन थरांची, खाली ट्यूलिप, मध्ये हायसिंथ, वर मस्कारी. मिश्र कुंडीचं काय करावं हे मला अजून नीट जमलेलं नाही. सगळ्यांची पात वेगवेगळ्या वेळी वाळते. तुमचे अनुभव लिहा, देश आणि हवामानासकट.

---

पारिजात | २९ एप्रिल २०२३

फार गरजेचा धागा. आमच्या इथे (रेडिंग, इंग्लंड) शेजारच्या आजी डॅफोडिलची पात वेणीसारखी गुंफून वर रबर लावतात. नीटनेटकं दिसतं खरं. मीही दोन वर्षं तेच केलं आणि तिसऱ्या वर्षी नुसती पात आली, एकही कळी नाही. पान दुमडलं की ऊन पोचत नाही आणि आत हवाही खेळत नाही. आता पात मोकळी सोडते आणि ती दिसू नये म्हणून कुंडीपुढे पॅन्झीचा ट्रे ठेवते.

---

धुकं | ३० एप्रिल २०२३

मी हेगमध्ये नवीन आहे, पहिलाच वसंत. सुपरमार्केटमधून हायसिंथच्या तीन छोट्या कुंड्या आणल्या होत्या. प्लास्टिकच्या, मुठीएवढ्या, माती नावालाच, कंद अर्धे वर उघडे. फुलं सुकली, दांडे आडवे पडले. पानं अजून हिरवी आहेत. गोदाकाठताई, यांचं काही होईल का, की हे टाकूनच द्यायचे?

---

गोदाकाठ | ३० एप्रिल २०२३

धुकं, टाकू नकोस गं. कुंडीतून सगळा गोळा अलगद काढ, मुळं न मोडता, आणि मोठ्या कुंडीत चांगल्या मातीत कंद पूर्ण झाकेल असा लाव. सुकलेली फुलं दांड्यावरून वरच्या दिशेने ओरबाडून काढ, दांडा राहू दे. हातमोजे घाल. हायसिंथच्या कंदाने खाज सुटते, त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्या कंदांना घरात लवकर फुलवलेलं असतं, त्यामुळे पुढच्या वर्षी असा भरगच्च तुरा येणार नाही. घंटांसारखी मोजकी फुलं विरळ दांड्यावर येतील. मला तीच जास्त आवडतात.

---

जुना_माळी | १ मे २०२३

हारलेमजवळ तीस वर्षं राहतोय, निवृत्तीनंतर सगळा वेळ बागेत जातो. गोदाकाठ यांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर लोक वर्षभर जीव लावतात आणि एप्रिलमध्ये हिरमुसतात. डॅफोडिल आणि ट्यूलिप हे कंद आतून अगदी वेगळे आहेत.

डॅफोडिलचा कंद वर्षानुवर्षं तोच असतो. आतून नवे थर येतात, बाजूला पिल्लं सुटतात. कुंडीत दोन-तीन वर्षं तो सहज राहतो. पुढच्या वर्षीची कळी त्याच्या पोटात मे-जूनमध्येच धरायला लागते, वर पात वाळत असतानाच. म्हणून त्या दिवसांत पात कापली किंवा कुंडी कोरडी ठाक पडली तर पुढच्या वर्षी नुसती पात. पारिजात यांचं तेच झालं.

ट्यूलिपचा कंद मात्र दरवर्षी संपतो. फुलवून तो रिता होतो आणि त्याच्या सालांच्या मध्ये नवे कंद तयार होतात, एक मोठा आणि दोन-चार लहान. जूनमध्ये काढाल तेव्हा नीट बघा, वाळलेला दांडा कंदाच्या मधून नाही, बाजूने निघालेला दिसेल. म्हणजे हातात आहे तो तुम्ही लावलेला कंद नाहीच. तो पुढच्या पिढीचा आहे. फुलायला त्याचा घेर साधारण १० ते १२ सेंटिमीटर लागतो. शेतात खोल माती, थंड जमीन आणि भरपूर पात मिळाली की तेवढा तो पोसतो. कुंडीत माती कमी, त्यात मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिक तापतं, पात लवकर वाळते आणि कंद बोटाच्या पेराएवढे राहतात. असा कंद पुढच्या वर्षी एकच रुंद पान काढतो. एकच पान आलं तर समजायचं, यंदा फूल नाही. पण त्या पानालाही जपलं तर तो दोन-तीन वर्षांत फुलण्याएवढा होतो.

म्हणून माझी पद्धत अशी: डॅफोडिल, मस्कारी, क्रोकस कुंडीतच ठेवायचे. ट्यूलिप काढायचे, मोठे कंद निवडून नोव्हेंबरात परत लावायचे आणि लहान जमिनीत, एखाद्या कोपऱ्यात पोसायला सोडायचे. जमीन नसेल तर एक खोल कुंडी फक्त पोसण्यासाठी राखायची.

जातही बघून घ्या. डार्विन संकर (तुमचं आपेलडोर्न त्यातलंच), पुरिसिमासारखे फॉस्टेरियाना आणि रानटी जाती परत परत येतात. झालरीचे, पोपटी पाकळ्यांचे, दुहेरी ट्यूलिप दिसायला अप्रतिम, पण कुंडीत एका वर्षाचे पाहुणे. कुंडीसाठी मी सगळ्यांना क्लुसियाना सुचवतो. बारीक अंगाचं, इराण-अफगाणिस्तानपासून पश्चिम हिमालयापर्यंतचं झाड आहे, कोरड्या उन्हाळ्याची त्याला सवय आहे. नाव पडलं ते क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. १५९३ साली तो लायडनला आला आणि तिथल्या विद्यापीठाच्या बागेत त्याने ट्यूलिप लावले, पुढच्या वसंतात ते फुलले. आमच्या या भागाचं सगळं पोट त्या कंदांवर चाललं आहे.

मिश्र कुंडीचं उत्तर: सर्वांत शेवटी ज्याची पात वाळेल त्याच्यासाठी थांबायचं, मग सगळी कुंडी एकदम उलटी करायची.

---

गोदाकाठ | १ मे २०२३

काका, किती नेमकं सांगितलंत! दांडा बाजूने निघतो हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघत होते, पण त्याचा अर्थ आज कळला.

---

चाफेकळी | ३ मे २०२३

न्यू जर्सीहून. आमच्याकडे फुलं गेल्यावरचा खरा शत्रू म्हणजे उन्हाळा. जूनमध्ये डेकवरची कुंडी हाताला चटका बसेल इतकी तापते, वर दुपारची वादळी सर. गरम आणि ओलं दोन्ही एकदम, कंद आतल्या आत शिजून कुजतात. पहिल्या वर्षी माझे सगळे ट्यूलिप असेच गेले. आता पात पिवळी पडायला लागली की कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी नेते, जिथे सकाळचंच ऊन येतं, आणि अर्धी पात पिवळी झाली की पाणी बंद.

खारी आणि हरणं ही दुसरी डोकेदुखी. ट्यूलिप आणि क्रोकस दोघांनाही फार आवडतात. डॅफोडिलला कोणी तोंड लावत नाही, ते विषारी असतात. लावल्यावर कुंडीवर कोंबड्यांची जाळी ताणून बांधते, कोंब वर आले की काढते.

---

तुळशीवृंदावन | ६ मे २०२३

पुण्याहून वाचतेय. मुलगी आइंडहोव्हनला असते, ती जूनमध्ये येताना ट्यूलिपचे कंद आणू का विचारत होती. इथे कुंडीत येतील का? आणि एकदा आले तर दरवर्षी येतील का?

---

जुना_माळी | ६ मे २०२३

ताई, आधी नियमाचं. भारतात लावण्यासाठी कंद आणायचे तर आयात परवाना आणि कीड-रोगमुक्तीचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं, २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे. बॅगेत टाकून आणू नका म्हणावं. एका कंदाबरोबर आलेली बुरशी किंवा सूत्रकृमी कांदा-लसणाच्या शेतात शिरली तर किती नुकसान होईल! भारतात रीतसर आयात केलेले कंद हिवाळ्यात काही विक्रेत्यांकडे मिळतात.

ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली थंडी लागते, नाहीतर दांडा वाढतच नाही, कळी पानांतच अडकते. पुण्याची थंडी तेवढी नसते. फ्रिजमध्ये कागदी पिशवीत ठेवून ती भरून काढता येते, मात्र शेजारी सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून जो इथिलीन वायू निघतो त्याने कंदातली कळी मरते. हे सगळं करून जानेवारीत फूल मिळेल. पण नंतर पात पोसायला जो लांब थंड वसंत लागतो तो पुण्यात नाही. मार्चच्या उन्हात पात दोन-तीन आठवड्यांत वाळेल आणि कंद रिताच राहील. श्रीनगरच्या बागेत जमतं ते तिथल्या हवेमुळे.

---

तुळशीवृंदावन | ७ मे २०२३

समजलं. मुलीला नको म्हणून कळवते. माझ्याकडे फुटबॉल लिली आहे, आता तिचा गोळा फुलायच्या बेतात आहे. तिचं तर फूल आधी आणि पानं नंतर! ती पानं पावसाळाभर राहतात आणि दिवाळीनंतर पिवळी होतात. गेल्या वर्षी कुंडी अडगळ वाटून मी ऑगस्टमध्येच पानं छाटली होती. हा धागा वाचून कळतंय की यंदा तिला एकच दांडा का आला. निशिगंधालाही हेच लागू असणार.

---

गोदाकाठ | ७ मे २०२३

अगदी बरोबर आहे तुमचं. हळदीचंही तेच ना, पाला पिवळा पडून वाळल्याशिवाय कोण खणतं?

---

हिमवर्षा | १२ मे २०२३

मिसिसागा, कॅनडा. आमच्याकडे फुलं आत्ता कुठे भरात आली आहेत, पण हिवाळ्याबद्दल एक सांगून ठेवते. "डॅफोडिल कुंडीतच ठेवा" हा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. जमिनीत माती एका मर्यादेपुढे गारठत नाही, पण कुंडीला चहूबाजूंनी वारा लागतो आणि माती आरपार गोठते. मधेच ऊब आली की वितळते, पुन्हा गोठते. मुळं त्यात फाटतात. मी कुंड्या डिसेंबरात गरम न केलेल्या गराजमध्ये नेते आणि महिन्यातून एकदा कपभर पाणी घालते. मातीच्या कुंड्या तडकतात, म्हणून प्लास्टिकच्याच.

---

धुकं | ४ जून २०२३

हायसिंथची पानं पिवळी पडायला लागली! मेच्या मध्यापासून पावसाचा थेंब नाही. कामावरून आल्यावर रोज बोट घालून माती बघायची सवय लागली आहे. आता पाणी कधी थांबवू?

---

गोदाकाठ | ४ जून २०२३

अर्ध्याहून जास्त पान पिवळं झालं की थांबव. हिरवं आहे तोवर या कोरड्या वाऱ्यात कुंडीला चुकवू नकोस.

---

गोदाकाठ | २४ जून २०२३

आज ट्यूलिप काढले, सविस्तर लिहिते.

सकाळी बाल्कनीत जुनी चादर पसरली आणि कुंड्या उलट्या केल्या. खुरपी वापरली नाही, कंदाला जखम झाली की तिथूनच बुरशी शिरते. आपेलडोर्नचे २० कंद लावले होते. निघाले ४३. त्यातले फुलण्याएवढे मोठे ११ वाटतात, बाकीचे लसणाच्या पाकळीएवढे ते सुपारीएवढे. गंमत म्हणजे काही लहान कंद अगदी तळाशी, भोकापाशी सापडले. काकांना फोटो पाठवला तर म्हणाले, लहान ट्यूलिप स्वतःच एक पांढरी नळी खाली सोडतं आणि तिच्या टोकाला नवा कंद खोलवर नेऊन ठेवतं. म्हणून कुंडी उलटी केल्यावर वरवर बघून माती फेकू नका, तळापर्यंत चाळा.

नाव हरवलेल्या लाल ट्यूलिपमध्ये १५ लावले होते, मोठे निघाले तीन. तीन कंद मऊ होते आणि त्यांना आंबूस वास येत होता. इथले शेतकरी या बुरशीला सरळ "आंबट" असंच म्हणतात. असा कंद इथिलीन सोडतो आणि पेटीतल्या चांगल्या कंदांच्या कळ्याही मारतो, म्हणून एकही ठेवला नाही. ती मातीही पुन्हा कंदांसाठी वापरणार नाही.

धुतले नाहीत, फक्त हाताने माती झटकली. सावलीत, वाऱ्यावर, एका थरात चार दिवस. वाळलेली पात आणि मुळं आपोआप सुटतात. मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून स्टोअररूममध्ये टांगणार. आमच्याकडची कांदाचाळ आठवते मला, खालून-वरून वारा फिरला पाहिजे, थर उंच नको, ओल नको. माझे वडील चाळीत शिरले की आधी वास घ्यायचे. मीही पंधरा दिवसांनी पिशवीपाशी जाऊन तेच करते.

टेट-आ-टेटला हात लावलेला नाही. पात वाळून गेली आहे, कुंडी छज्जाखाली सरकवली, वरचं बोटभर मातीचं थर ऑगस्टअखेर बदलेन.

---

पारिजात | २५ जून २०२३

पिशवीवर मोठ्या अक्षरात "खायचे नाहीत" असं लिहा, कळकळीने सांगते. डॅफोडिलचा कंद सोललेल्या कांद्यासारखा दिसतो आणि विषारी असतो, खाल्ला तर जोरात उलट्या होतात. आमच्याकडे आई भारतातून आल्या होत्या, स्वयंपाकघरातल्या टोपलीशेजारी मी पिशवी टांगलेली, आणि त्यांनी दोन कंद चिरायला घेतले होते. वेळेवर पाहिलं. त्या दिवसापासून कंद स्वयंपाकघरात येत नाहीत. घरात मांजर-कुत्रं असेल तर त्यांच्यापासूनही दूर.

---

जुना_माळी | २५ जून २०२३

फार महत्त्वाचं लिहिलंत. ट्यूलिपचे कंद इथल्या लोकांनी खाल्ले आहेत, दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात. आमच्या शेजारच्या आजीबाई लहानपणी खाल्लेल्या त्या कंदांबद्दल सांगायच्या, मधला पिवळा कोंब काढून टाकायचा आणि उकडायचं. त्या बाईंनी आयुष्यभर बागेत एकही ट्यूलिप लावलं नाही. डॅफोडिलला मात्र त्या उपासमारीतही खाण्यात स्थान नव्हतं.

साठवणीबद्दल थोडं. ट्यूलिपची पुढची कळी काढणीनंतर, जुलै-ऑगस्टमध्ये, साठवणीतच तयार होते. त्या काळात १७ ते २० अंश चांगले. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, आणि आत्ताच फ्रिजमध्येही नको. थंडी नंतर लागते.

स्नोड्रॉप कोणाकडे असतील तर ते असे वाळवू नका. त्यांना कोरडं पडणं सोसत नाही. पात हिरवी असतानाच उचलून दुसरीकडे लावायचे.

---

धुकं | ३ ऑक्टोबर २०२३

घाबरून लिहितेय. मस्कारीच्या कुंडीतून आत्ताच हिरवी पात वर आली आहे! हिवाळ्यात मरेल का?

---

गोदाकाठ | ३ ऑक्टोबर २०२३

नाही गं, तिची रीतच ती. पात शरदात येते, थंडी सोसते, फूल वसंतातच येतं. कापू नकोस.

---

निवांत | ९ नोव्हेंबर २०२३

मेलबर्नहून, इथे उलटं चक्र आहे. आमची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली आणि तुम्ही मेमध्ये लिहिलेलं सगळं मी आत्ता करतोय. टोमॅटोचं खत चालू आहे. डिसेंबरात पात वाळेल, तेव्हा काढेन. इथे थंडी कमी पडते म्हणून पुढच्या वर्षी मार्चपासून सहा-आठ आठवडे फ्रिजमध्ये, मग एप्रिलअखेर ते मे लागवड. आमच्याकडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सफरचंदं असतात, ती वर हलवायला लागतील, हे इथेच कळलं. आभार.

---

गोदाकाठ | १८ नोव्हेंबर २०२३

आज ट्यूलिप लावले. मुद्दाम नोव्हेंबरपर्यंत थांबले. माती गार झाल्यावर लावलं की पात करपवणाऱ्या बुरशीचा धोका कमी होतो. ११ मोठे एका कुंडीत, कंदाच्या तिप्पट खोल. लहान ३० एका खोल बादलीत, तळाला भोकं पाडून. पाऊस महिनाभर थांबायचं नाव घेत नाहीये, म्हणून कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या आणि ताटल्या काढून टाकल्या. साठवणीत दोन कंद बुरसले होते, ते आधीच वेगळे केले.

---

धुकं | २ एप्रिल २०२४

ताई, हायसिंथ फुलले! तीनपैकी दोन. एका दांड्यावर नऊ फुलं, दुसऱ्यावर चौदा. मोजली. विरळ आहेत, तुम्ही म्हणाला होतात तशीच. वास मात्र तोच, अख्खी खोली भरते. तिसऱ्याला फक्त पानं आहेत, त्याला खत सुरू केलं.

---

गोदाकाठ | १४ एप्रिल २०२४

माझा हिशोब. टेट-आ-टेट यंदा फेब्रुवारीतच फुलली, गेल्या वर्षीपेक्षा जास्त फुलं. आपेलडोर्न ११ पैकी ८ फुलले, दांडे थोडे बुटके. बिननावाच्या तिनातला एक. बादलीत ३० पैकी २६ कंदांची एकेक रुंद पानं आली आहेत, एकही कळी नाही, आणि ती बादली मी सगळ्यात चांगल्या उन्हात ठेवली आहे.

एक शंका आहे काका. तो बिननावाचा एकुलता ट्यूलिप गेल्या वर्षी निखळ लाल होता. यंदा पाकळ्यांवर पिसासारख्या पांढऱ्या रेघा आहेत. फार सुंदर दिसतोय. हे काय आहे?

---

जुना_माळी | १४ एप्रिल २०२४

सांगताना वाईट वाटतं, पण तो विषाणू आहे. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. सतराव्या शतकात अशाच रेघांच्या कंदांसाठी लोकांनी घरांच्या किमती मोजल्या, आणि कारण कळलं ते १९२८ साली, इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी दाखवलं तेव्हा. असा कंद दरवर्षी खंगत जातो आणि शेजाऱ्यांना लागण करतो. आजच काढा, कंदासकट, खतात न टाकता साध्या कचऱ्यात. बाल्कनीत लिलीची कुंडी असेल तर ती ट्यूलिपपासून लांब न्या, तिच्यात हा विषाणू काही न दाखवता राहू शकतो. आपेलडोर्नच्या आणि बादलीतल्या पानांच्या मागच्या बाजू बघा.

---

गोदाकाठ | १५ एप्रिल २०२४

काढला. आधी फोटो घेतला, मग काढला. लिलीची कुंडी होती, अगदी शेजारीच. ती आता जिन्याकडच्या बाजूला आहे. बादलीतली सव्वीस पानं एकेक उलटून बघितली, दोन पानांवर मावा सापडला, ओल्या फडक्याने पुसला. आठवडाभर रोज बघणार आहे.